थर धरलेल्या तळ्यातलं पाणी कसं हलतं हे पाहायला कोणतं संगणकीय मॉडेल घ्यावं?

खडकतळं | १० जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. धागा लांब होईल, पण मदत खरंच हवी आहे.

आमच्या गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे. पावसाचं पाणी साठून तिचं तळं झालंय. लांबी अंदाजे २२० मीटर, रुंदी ८०, सर्वांत खोल जागी ११ मीटर. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, चौथ्या बाजूला जुना ट्रकचा उतार. पावसाळ्यात त्याच उतारावरून नाल्याचं पाणी आत येतं. गावच्या मच्छीमार संस्थेनं तळं ठेक्यानं घेतलंय. कटला, रोहू आणि मृगळची बोटुकली सोडतात. संस्थेचे हिशोब मी लिहितो. पेशानं सॉफ्टवेअरवाला आहे, पाण्याच्या शास्त्रात नवखा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागोपाठ तीन रात्री कडाक्याची थंडी पडली. चौथ्या दिवशी पहाटे मासे तोंडं वर काढून घुसमटायला लागले आणि सकाळी दहापर्यंत सगळा काठ पांढरा झाला. सडक्या अंड्यासारखा वास येत होता. दोन वर्षांची मेहनत गेली. ज्या पोरांनी रात्र रात्र राखण केली होती, त्यांनीच टोपल्या भरभरून मेलेला मासा काढला.

हाताशी दोन मोजमापं आहेत. ऑक्टोबरमध्ये मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलानं तापमान घेतलं होतं: वर २९ अंश, तळाशी २४, आणि साधारण चार मीटरवर एकदम घसरण. मासे मेले त्या दुपारी मी स्वतः मोजलं, तर वरपासून तळापर्यंत २३.६. म्हणजे पाणी पूर्ण ढवळलं गेलं होतं, एवढं मलाही कळलं.

आता संस्थेला हवा सोडणारी यंत्रं बसवायची आहेत. त्याआधी पाणी कुठून कुठे जातं, कधी उलटतं हे संगणकावर पाहावं असं वाटतं. एका सल्लागारानं त्रिमितीय मॉडेलचं रंगीत चलचित्र दाखवलं. सुंदर होतं, पण दर संस्थेला झेपणारा नव्हता. फुकट मिळणारी बरीच मॉडेलं दिसतात. त्यातलं कोणतं घेऊ?

---

सावली | १० जानेवारी, रात्री १०:०५

वाचून वाईट वाटलं. एक बाळबोध प्रश्न: पाण्याचे थर ही थंड देशांतली गोष्ट ना? तिथे वर बर्फ असतो. आपल्याकडे पाच अंशांच्या फरकानं असं काय होतं?

---

अनुजा_जलविज्ञान | ११ जानेवारी, सकाळी ७:४०

सावली, प्रश्न बाळबोध नाही. या धाग्याचा पायाच तो आहे.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. तिथून जसं तापत जाईल तशी घनता कमी होते, पण सारख्या वेगानं नाही. ४ वरून ९ अंशांवर गेलं तर घनमीटरमागे ०.२ किलोचाही फरक पडत नाही. २७ वरून ३२ वर गेलं तर जवळपास १.५ किलोचा पडतो. अंश तेच पाच, फरक सात-आठ पट. म्हणून आपल्याकडे वर-खाली दोन-तीन अंशांचा फरक असला तरी थर घट्ट बसतो. वरचं हलकं पाणी खालच्या जड पाण्यावर तेलासारखं राहतं. मधल्या तापमान-घसरणीच्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याखाली हवा पोचत नाही, उजेडही नाही. तळाचा गाळ प्राणवायू खातो, तो संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तुमचा सडक्या अंड्याचा वास तोच.

खडकतळं, आता तुमच्याकडे वळते. मॉडेलचं नाव ठरवण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. पहिला प्रश्न असा की तुमच्या तळ्यात वारा थर्मोक्लाइनला तिरपं करू शकतो का. वारा वरचं पाणी एका टोकाला ढकलतो, तिथे वरचा थर जाड होतो, दुसऱ्या टोकाला तळाचं पाणी वर येतं. तसं होत असेल तर तळ्याच्या दोन टोकांची गोष्ट वेगळी असते आणि एकमितीय मॉडेल चालत नाही. होत नसेल तर तळं म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चकत्या, आणि एक मिती पुरते.

यासाठी वेडरबर्न संख्या काढतात. थरांमधल्या घनतेच्या फरकामुळे येणारं कमी झालेलं गुरुत्व गुणिले वरच्या थराच्या जाडीचा वर्ग, भागिले वाऱ्याच्या ओढीचा वेगवर्ग (हा वाऱ्याचा वेग नव्हे, वाऱ्याच्या घर्षणानं पाण्यात येणारा त्याहून फार लहान वेग) गुणिले तळ्याची लांबी. उत्तर १ च्या बरंच वर आलं तर वारा हरला. १ च्या आसपास किंवा खाली आलं तर वारा जिकडून येतो त्या टोकाला तळाचं पाणी वर येणार.

तुमचे ऑक्टोबरचे आकडे घालून पाहिले. २९ आणि २४ अंश, घनतेचा फरक १.३५ किलो. कमी झालेलं गुरुत्व ०.०१३३. वरचा थर ४ मीटर, लांबी २२०, वारा सेकंदाला ५ मीटर धरला. उत्तर सुमारे २५.

डिसेंबरमध्ये उलटण्याच्या जरा आधी वर २५, तळाशी २४ आणि वरचा थर ६ मीटर असेल असं मानलं, तरी तोच वारा धरून १० येतं. खाणीच्या भिंतींच्या आत तर वारा याहून कमी लागेल.

म्हणजे तुमचं तळं वाऱ्यानं उलटलं नाही, थंडीनं उलटलं. तेही तपासू. ६ मीटरच्या थराला एक अंश थंड करायला चौरस मीटरमागे साधारण २५ मेगाज्यूल उष्णता जावी लागते. दिवस-रात्र मिळून निव्वळ घट सरासरी १०० वॅट धरली, तर दिवसाला ८.६ मेगाज्यूल. तीन दिवस लागतात. तुम्ही लिहिलंय तीन रात्री.

---

खडकतळं | ११ जानेवारी, सकाळी ८:१५

अनुजाताई, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो होतो. तीन रात्रींचा हिशोब इतका सरळ निघेल असं वाटलं नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांना आत्ताच फोन करून सांगितलं.

---

फोरट्रानवाला | ११ जानेवारी, दुपारी २:३०

अनुजांच्या गणिताला +१. या कामात माझी वीस वर्षं गेली आहेत, म्हणून मॉडेलांबद्दल सविस्तर लिहितो.

सर्वांत हलकं फ्लेक. मुळात हवामान अंदाजाच्या मॉडेलांना तळ्यांचं पृष्ठतापमान हवं होतं, त्यासाठी ते तयार झालं. तळ्याचे दोन भाग धरतं: वर ढवळलेला थर आणि खाली ठरावीक आकाराची तापमान-घसरण. क्षणात चालतं. पण नाल्याचं पाणी आत येणं, बाहेर जाणं त्यात धरलेलं नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात नाला येतो, म्हणून ते मी बाजूला ठेवीन.

मग जीएलएम, म्हणजे जनरल लेक मॉडेल. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातलं. तिथल्याच जुन्या डायरेस्म मॉडेलच्या विचारावर बेतलेलं, स्रोत खुला. याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे यातले थर स्थिर नसतात. पाणी आलं की थर फुगतो, गेलं की आकसतो, दोन थर सारखे झाले की एकमेकांत मिसळतात. ठरावीक चौकटींची जाळी असलेल्या मॉडेलांत महिनोन्महिने गणित चाललं की थर्मोक्लाइन आपोआप पसरट होत जाते. तळ्यात तसं काही घडत नसतं, ती गणिताची गळती असते. जीएलएममध्ये ती फार कमी. शिवाय त्याला प्राणवायू आणि शेवाळाचं मॉडेल जोडता येतं, आणि तुमचा खरा प्रश्न प्राणवायूचाच आहे.

सिमस्ट्रॅट स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेचं. तेही एकमितीय, पण ढवळणीचं गणित जास्त बारकाईनं करतं. वाऱ्यानं थर्मोक्लाइनमध्ये जे झोके निर्माण होतात त्यांतली ऊर्जा तळाजवळ कशी खर्च होते हेही त्यात धरलेलं आहे. खोल तळ्यांना छान. गॉटम मूळ समुद्रासाठीचं, तळ्यांनाही वापरतात. आर भाषा येत असेल तर लेकएन्सेम्बलआर नावाचं पॅकेज आहे. फ्लेक, जीएलएम, गॉटम, सिमस्ट्रॅट आणि मायलेक ही पाचही मॉडेलं एकाच माहितीवर चालवून शेजारी शेजारी दाखवतं. नवख्या माणसानं एका मॉडेलवर जीव लावण्याआधी हे जरूर करावं. पाचही जिथे सहमत होतात आणि जिथे फाटे फुटतात, त्यातून तळ्याबद्दल पुष्कळ कळतं.

द्विमितीयात सीई-क्वाल-डब्ल्यू२. १९७५ च्या लार्म मॉडेलपासूनची परंपरा, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलात वाढलं, आता पोर्टलंड स्टेट विद्यापीठ सांभाळतं. लांबी आणि खोली धरतं, रुंदीची सरासरी काढतं. कोयनेच्या शिवसागरासारखं दरीत पसरलेलं लांबच लांब धरण असेल तर मी डोळे मिटून हेच घेईन. तुमच्या खाणीला नको.

त्रिमितीयात डेल्फ्ट३डी. नेदरलँड्सच्या डेल्टारेसचं, २०११ साली त्याचा स्रोत खुला झाला. ईएफडीसी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया समुद्रविज्ञान संस्थेत तयार झालं. डेन्मार्कच्या डीएचआयचं माइक ३ परवान्यावर मिळतं. सगळी समर्थ आहेत. पण उभ्या भिंतींच्या तळ्यात एक खाचखळगा लक्षात ठेवा. काही मॉडेलं तळाच्या उतारासोबत वर-खाली होणारे थर वापरतात, त्यांना सिग्मा थर म्हणतात. खाणीसारख्या कड्यावर असे थर वेडेवाकडे ताणले जातात, दाबाच्या गणितात चूक शिरते, आणि वारा नसतानाही पाणी आपोआप वाहायला लागतं. तिथे आडवे, सपाट थर निवडावे लागतात. डेल्फ्ट३डीत दोन्ही सोयी आहेत.

माझं मत: जीएलएम.

---

भोवरा_३डी | ११ जानेवारी, रात्री ११:१०

जरा वेगळं मत मांडतो. वाऱ्याचा हिशोब मान्य, पण वारा सोडूनही पाणी आडवं हलतं.

खडकतळं यांनी ट्रकच्या उताराचा उल्लेख केलाय. तो भाग उथळ असणार. रात्री उथळ आणि खोल पाणी पृष्ठभागावरून जवळपास सारखीच उष्णता गमावतं. पण उथळ भागात पाणी थोडं, म्हणून ते लवकर थंड होतं. थंड झालं की जड होतं आणि उतारावरून खोल भागाकडे घसरतं. दिवसा उलट. शिवाय उंच भिंतीची सावली तळ्याच्या अर्ध्या भागावर दुपारपर्यंत असेल तर एक बाजू तापते, दुसरी नाही. एकमितीय मॉडेलमध्ये यातलं काहीच दिसणार नाही. मी ओपनफोम या प्रवाहाच्या त्रिमितीय गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे हे नीट पकडता येईल. खाणीचा आकार मिळाला तर जाळी मी बनवून देतो, मोबदला नको.

---

अनुजा_जलविज्ञान | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

भोवरा, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि मी तो सोडून दिला होता. उताराकडून रात्री घसरणारं थंड पाणी अशा तळ्यांत महत्त्वाचं असतं.

माझी अडचण वेळेची आहे. संस्थेला कळायला हवंय की ऑक्टोबर ते जानेवारी तळं कधी उलटण्याच्या बेतात येतं. म्हणजे १२० दिवस, एक कोटीहून जास्त सेकंद. तुमच्या जाळीत चौकट ५ मीटरची धरली आणि पृष्ठभागाची लाट साध्या पद्धतीनं सोडवली, तर ११ मीटर खोलीवर तिचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर. म्हणजे गणिताचं एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, आणि पूर्ण हंगामाला दोन कोटींहून जास्त पावलं. डेल्फ्ट३डीसारखी मॉडेलं ही अट टाळतात, पाऊल मोठं ठेवतात. तरीही वारा, ऊन, आर्द्रता यांची माहिती कच्ची असेल, तर त्या मेहनतीचं चीज होत नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे करू. तळं केव्हा उलटणार, याला हंगामभर चालणारं एकमितीय मॉडेल. उताराकडचं पाणी रात्री कुठवर घसरतं, याला दोन-तीन रात्रींचं त्रिमितीय मॉडेल, नंतर. तुमची मदत तिथे मोलाची ठरेल.

---

झाडीपट्टी | १२ जानेवारी, दुपारी १२:५०

मी गोंदियाकडचा. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. आमच्या गावचा साधारण १४०० मीटर लांब, ९०० रुंद, आणि पाणी भरलं की पाच मीटर. भोई लोक सांगतात की पश्चिमेचा वारा सुटला की पश्चिमेच्याच काठाला पाणी वास मारतं आणि मासा पूर्वेला पाळीकडे पळतो. मला हे उलटं वाटायचं, कारण वारा तर सगळं पूर्वेकडे ढकलतो. आमच्या तलावालाही जीएलएम चालेल का?

---

अनुजा_जलविज्ञान | १२ जानेवारी, रात्री ९:३०

झाडीपट्टी, तुमच्या भोई मंडळींचं निरीक्षण अचूक आहे. वारा वरचं पाणी पूर्वेला ढकलतो, म्हणून पश्चिमेला तळाचं पाणी वर येतं. वास त्या पाण्याचा.

हिशोब तोच. वर ३१ आणि खाली २८ अंश, वरचा थर २ मीटर, लांबी १४०० धरते. वारा ३ असेल तर वेडरबर्न संख्या १.८. वारा ५ झाला की ०.६४. नेहमीच्या वाऱ्यालाच तुमची थर्मोक्लाइन एका टोकाला पृष्ठभागापर्यंत येते. वारा पडला की ती परत झोका घेते, एका फेरीला साडेसात तासांच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी वारा थांबला तरी मध्यरात्रीपर्यंत तळाचं पाणी इकडून तिकडे डुलत असतं. जीएलएमला यातलं काहीही दिसणार नाही.

तलाव रुंदीलाही बराच पसरट आहे, म्हणून रुंदीची सरासरी काढणारं डब्ल्यू२ पण योग्य नाही. तुम्हाला त्रिमितीय हवं. डेल्फ्ट३डी घ्या, आणि काळ लहान घ्या, चार-पाच दिवसांचा. इतक्या उथळ तलावात थर बऱ्याचदा दुपारी बनतात आणि पहाटे मोडतात, त्यामुळे हंगामभर चालवायची गरजच नाही.

(पृथ्वीच्या फिरण्याची काळजी करू नका. आपल्या अक्षांशावर तिचा परिणाम अशा आतल्या लाटांवर साधारण दोन किलोमीटरच्या पुढे जाणवायला लागतो. तुमचा तलाव त्याहून लहान आहे.)

---

झाडीपट्टी | १२ जानेवारी, रात्री १०:२०

हे उद्या पाळीवर जाऊन सगळ्यांना वाचून दाखवतो. आमचे आजोबाही वासाचं हेच सांगायचे.

---

खडकतळं | १४ जानेवारी, रात्री ८:४५

जीएलएम उतरवून घेतलं, सोबतचा नमुना चालवला. आता माझ्या तळ्याची माहिती. हवामानासाठी इरा-५ या जागतिक हवामान-नोंदसंचाची तासातासाची माहिती फुकट मिळते, ती घेतली. इतकं पुरेल?

---

फोरट्रानवाला | १५ जानेवारी, सकाळी १०:१५

ऊन, हवेचं तापमान, आर्द्रता यांना चालेल. वाऱ्याला अजिबात नाही. इरा-५ ची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. त्यातला वारा म्हणजे अख्ख्या तालुक्याच्या उघड्या माळावरचा. तुमचं तळं भिंतींच्या आत. आणि ढवळणीची ताकद वाऱ्याच्या वेगाच्या घनावर (तिसऱ्या घातावर) चालते. वाऱ्यात २० टक्के चूक म्हणजे ऊर्जेत ७३ टक्के चूक. मॉडेल कोणतंही घ्या, ही चूक ते भरून काढू शकत नाही.

काठावर साधा वारामापी लावा. नाहीच जमलं तर जीएलएममध्ये वाऱ्याला गुणायचा एक गुणक आहे, तो मोजलेल्या तापमानाशी ताडून ठरवावा लागेल. म्हणजे तापमानाची साखळी, एका दोरीवर वेगवेगळ्या खोलीला बांधलेले सेन्सर, हवीच.

उजेड किती खोल जातो हेही हवं. पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडा, दिसेनाशी होते ती खोली मोजा. १.७ ला त्या खोलीनं (मीटरमध्ये) भागलं की प्रकाश शोषणाचा ढोबळ गुणांक मिळतो. दर पंधरा दिवसांनी मोजा, एकदाच मोजून थांबू नका.

---

मातीचाधागा | १५ जानेवारी, दुपारी ४:००

साखळीबद्दल अनुभव लिहिते. आम्ही शेततळ्यात केली होती. डीएस१८बी२० हे सेन्सर स्वस्त मिळतात, जलरोधक आवरणातले घ्या. तरी केबलच्या तोंडाशी पाणी शिरतंच, तिथे एपॉक्सी भरा. त्यांची हमी अर्धा अंश इकडे-तिकडेची आहे. तुमचा डिसेंबरचा सगळा प्रश्न एका अंशाचा, म्हणजे कारखान्यातून आले तसे लावले तर निरर्थक.

उपाय सोपा आहे. सगळे सेन्सर एका बादलीत एकत्र बुडवा, पाणी सतत ढवळत राहा, अर्धा तास नोंदी घ्या. मग गरम पाणी घालून पुन्हा. प्रत्येक सेन्सर बाकीच्यांपेक्षा किती कमी-जास्त दाखवतो ते लिहून ठेवा आणि नंतर तेवढं वजा करा. आपापसातला फरक अंशाच्या दहाव्या भागावर येतो, आणि तुम्हाला आपापसातलाच फरक हवा आहे.

दोरीला खाली दगड, वर डबा. तळ्याची पातळी घसरली की दोरी सैल पडून सेन्सर तिरके होतात, तेवढं दर आठवड्याला पाहा.

---

भोवरा_३डी | १५ जानेवारी, सायंकाळी ६:३०

साखळ्या दोन लावा, ही विनंती. एक खोल भागात, एक उताराच्या पायथ्याशी. माझं म्हणणं खरं की खोटं ते त्याच सांगतील.

---

खडकतळं | १९ एप्रिल, रात्री ९:५०

तीन महिन्यांनी परत येतोय. दोन साखळ्या १२ फेब्रुवारीपासून पाण्यात आहेत. खोल भागात आठ सेन्सर, उताराकडे तीन. बादलीचा उपाय केला. एक सेन्सर तर ०.४ अंशानं चुकत होता, तो तसाच राहिला असता.

सर्वांत आधी भोवरा यांच्यासाठी. फेब्रुवारीतल्या स्वच्छ आकाशाच्या रात्री उताराकडचं पाणी पहाटे खोल भागाच्या पृष्ठभागापेक्षा १.२ अंशानं थंड असतं. आणि पहाटे चारच्या सुमारास खोल भागातल्या तीन मीटरवरच्या सेन्सरवर तापमान थोडं खाली येतं, वरच्या सेन्सरच्या आधी. उताराकडचं थंड पाणी घसरत येऊन बरोबर आपल्या वजनाच्या थरात शिरतंय, असा मी अर्थ लावला. बरोबर आहे का?

वारामापी लावला. खाणीच्या आत वारा इरा-५ च्या सरासरी ६० टक्के लागतो.

जीएलएमचं: पृष्ठभागाला सरासरी चूक ०.७ अंश, तळाशी १.१. पण मार्चपासून दोन मीटरवरचं तापमान मॉडेल दीड अंशानं जास्त दाखवतंय. दोन आठवडे शोधतोय.

---

भोवरा_३डी | १९ एप्रिल, रात्री १०:३०

अर्थ बरोबर आहे. त्या फेब्रुवारीच्या रात्रींची नोंद मला पाठवाल का? त्या तीन रात्रींचं मॉडेल मी नक्की करतो.

---

फोरट्रानवाला | २० एप्रिल, सकाळी ९:००

पहिल्याच प्रयत्नात तळाशी १.१ म्हणजे छान. तबकडी फेब्रुवारीत किती होती, आता किती आहे? मॉडेलमध्ये कोणता आकडा घातलाय?

---

खडकतळं | २० एप्रिल, सकाळी ९:४०

फेब्रुवारीत ९० सेंटीमीटर. आता ४०, पाणी हिरवं झालंय. मॉडेलमध्ये फेब्रुवारीचाच आकडा, १.९.

कळलं. आता तो ४.२ हवा. उजेड वरच अडतोय आणि मॉडेल तो दोन मीटरपर्यंत पोचवतंय. बदलत्या आकड्यांनी पुन्हा चालवतो.

---

अनुजा_जलविज्ञान | २० एप्रिल, रात्री ८:१०

हवेच्या यंत्राबद्दल एक गोष्ट आत्ताच लिहिते, कारण संस्थेत खरेदीची घाई असेल.

ऑक्टोबरमध्ये, तळ खराब झाल्यावर, तळातून बुडबुडे सोडणारा कॉम्प्रेसर एकदम चालू करू नका. हिशोब बघा. वरच्या ६० टक्के पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅम प्राणवायू, खालच्या ४० टक्क्यांत शून्य. ढवळलं की सरासरी ३.६. पण खालच्या पाण्यात सल्फाइड २ मिलिग्रॅम असेल तर एक मिलिग्रॅम सल्फाइड संपायला जवळपास १.९ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. त्यात आणखी दीड गेला. उरले २ च्या आसपास. कटला, रोहू ३ च्या खालीच घुसमटायला लागतात. जे डिसेंबरमध्ये थंडीनं केलं, तेच ऑक्टोबरमध्ये यंत्र करेल.

यंत्र लावायचं तर थर बसायच्या आधी, फेब्रुवारीत, आणि सलग. या वर्षी ती वेळ गेली. म्हणून या वर्षी मॉडेलचा उपयोग वेगळा करा. नोव्हेंबरपासून रोज हवामानाचा पुढच्या आठवड्याचा अंदाज त्यात घाला, वर-खालचा फरक दीड अंशावर आला की मोठा मासा काढून विका आणि पहाटे पृष्ठभागावरची चक्राची यंत्रं तयार ठेवा. ती वरच्याच पाण्याला हवा देतात, तळ ढवळत नाहीत.

---

खडकतळं | २० एप्रिल, रात्री ९:००

कॉम्प्रेसरचं दरपत्रक उद्याच्या बैठकीत येणार होतं. थांबवलं. चक्राच्या यंत्रांची चौकशी करतो.

---

खडकतळं | ४ जून, सकाळी ६:५०

तबकडीचे बदलते आकडे घातल्यावर दोन मीटरवरची चूक ०.६ वर आली. पाच मॉडेलांचं पॅकेजही चालवलं. वरच्या तापमानाबद्दल पाचही जवळपास सारखं बोलतात. तळाबद्दल फाटे फुटतात, आणि मोजलेल्याच्या जवळ जीएलएम व सिमस्ट्रॅट आहेत. संस्थेच्या बैठकीत आलेख दाखवला. राखण करणाऱ्या पोरांपैकी एकानं विचारलं की पावसाचं गढूळ पाणी आत आलं की मॉडेल काय करणार. मला उत्तर देता आलं नाही. आज ढग दाटलेत.

---

फोरट्रानवाला | ४ जून, सकाळी ७:२०

त्या मुलानं नेमकं विचारलंय. जीएलएम आत येणाऱ्या पाण्याचं तापमान पाहून ते कोणत्या थरात शिरेल हे ठरवतं. तापमान तुम्ही द्यायचं असतं. नाल्याचं पाणी तळापेक्षा थंड असेल तर सरळ तळाशी जाईल आणि तिथलं खराब पाणी वर ढकलेल, कोमट असेल तर मध्येच घुसेल. गढूळपणामुळे ते आणखी जड होतं. मॉडेलला गाळ वेगळा कळत नाही, पण सामू तेवढा जास्त देऊन भागवता येतं: क्षारतेच्या रकान्यात तितक्या घनतेइतका आकडा घाला.

तुमच्याकडे एक सेन्सर शिल्लक असेल तर आज पाऊस यायच्या आत नाल्याच्या तोंडाशी दगडाखाली बांधून या. गाळासाठी पहिल्या लोंढ्याचं पाणी बाटलीत भरा, वाळवून वजन करता येईल.

---

खडकतळं | ४ जून, सकाळी ७:२५

एक शिल्लक आहे. निघालो. त्या पोरालाही सोबत घेतो.

---

फोरट्रानवाला | ४ जून, सकाळी ७:३१

दुरुस्ती: वर घाईत "सामू" लिहिलं गेलं, तिथे "घनता" वाचावं. सामूचा इथे संबंध नाही. आणि बाटलीवर वेळ लिहायला विसरू नका.